सात नंबरचा फोटो

माझा राग पेणमध्ये प्रसिद्ध आहे. बाजारात भाजीवाली मला बघून जुडी आधीच मोठी बांधते, आणि मी कारखान्यात शिरले की रेडिओचा आवाज आपोआप लहान होतो. मोकलांचा गणपतींचा कारखाना कागदोपत्री माझ्या नवऱ्याच्या, हरेश्वरांच्या नावावर आहे. पण त्यांच्या हातात फक्त ब्रश. बाकीचा गाडा मी हाकते, आणि गाडा हाकणाऱ्याला ओरडावं लागतं, असं मी तीस वर्षं समजत आले.

हल्ली मूर्ती हातानं घडवतो कोण? शाडूची माती नळीतून थरावर थर सोडणारं यंत्र आमच्याकडेही आहे. दिवसाला चाळीस गणपती उभे करतं, सोंडेच्या वळ्यांसकट. डोळेही काढून देतं, अगदी मोजूनमापून, दोन्ही तंतोतंत सारखे. पण ती मूर्ती कुणाकडेच बघत नाही. गिऱ्हाईक हातात घेतं, फिरवतं आणि परत फळीवर ठेवतं. म्हणून यंत्र आल्यापासून डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा भाव उलट वाढला, आणि सगळ्या पेणमध्ये आखणीला हरेश्वरांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आखणीची आमच्याकडे सासऱ्यांपासूनची एक रीत आहे. डोळे आखताना कुणी बोलायचं नाही. आवाज झाला की हात हलतो. हरेश्वर श्वास रोखून पापणीची रेघ ओढतात, बुबुळ भरतात, आत बाहुली टेकवतात आणि मान वर करून समोर बसलेल्या माझ्या तोंडाकडे बघतात. मी मान हलवली तर मूर्ती फळीवर. माझी भुवई वर गेली तर ओल्या कापसानं डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून. हंगामाला हजार-बाराशे मूर्ती, आणि दर मूर्तीमागे माझ्याकडे एक नजर.

दीड वर्षापूर्वी एका मूर्तीचं बुबुळ पापणी सोडून गालावर उतरलं. मी भुवई वर केली. त्यांनी मान वर केली, पण नजर माझ्या कानापाशी कुठंतरी थांबली.

"अवो, हिकडं बघा ना," मी रीत मोडून बोलले.

"तुझ्याकडंच बघतोय," ते म्हणाले. "पन मधी तुझा तोंडच नाय हाय."

मग मी काय करावं? कामाच्या वेळी चेष्टा करता म्हणून त्यांच्यावर ओरडले.

डोळ्याच्या पडद्याचा मधला ठिपका गेला होता. ज्या ठिपक्यानं आपण वाचतो, सुई ओवतो, माणूस ओळखतो, तोच. कडेचं सगळं दिसायचं: दार, खांब, माझी साडी. ज्याच्याकडे रोखून बघावं, तेवढंच पुसलेलं. औषधांनी आजार थांबला, पण गेलेलं परत आलं नाही. ते दिवसभर ओट्यावर बसून माती मळायचे. माती मळायला यंत्र आहे, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. एकदा म्हणाले, "डोले गेले तर गेले. आता हातांचा काय करू?" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

पनवेलच्या नेत्रशाळेत डॉक्टर मुकादम नवीन उपचार करतात, असं आमच्या केतकीनं शोधून काढलं. केतकी आमची मुलगी, पुण्यात असते. डॉक्टर मुकादम चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, आणि समोरच्याला कळेपर्यंत समजावून सांगणाऱ्या. त्यांनी सांगितलं ते असं.

आपला डोळा एका जागी कधीच नसतो. सेकंदाला तीन उड्या मारतो. उडी चालू असताना आपण आंधळे असतो, पण ते आपल्याला जाणवतसुद्धा नाही. डोळा टेकला की लहान मेंदू तपासतो, जिथं जायचं होतं तिथंच पोचलो का? थोडं चुकलं असेल तर पुढची उडी तेवढी सुधारून मारतो. अंधारात जिना उतरताना कुणी पायरी बोटभर खाली सरकवली तर पहिल्यांदा ठेच लागते, दहाव्यांदा पाय आपोआप खाली पडतो, तसं. उपचारातला चष्मा नेमकं हेच करतो. डोळा हवेत असताना समोरचं चित्र किंचित सरकवतो. मेंदूला वाटतं, आपण चुकलो. हजारो वेळा असं झालं की डोळा नवी सवय लावून घेतो: बघायची वस्तू मेलेल्या ठिपक्यावर न टेकवता त्याच्या शेजारच्या चांगल्या जागेवर टेकवायची.

"पण साठीच्या मेंदूला नवी सवय लवकर लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यासाठी नाकात रोज एक फवारा मारायचा. त्यानं मेंदू बेचाळीस दिवस लहान मुलासारखा शिकतो. नंतर दार बंद. तेवढ्यात जे शिकला ते कायमचं, राहिलं ते राहिलं. हा बेचाळीस दिवसांचा उपचार आयुष्यात एकदाच देता येतो."

"आणि चित्र कसलं दाखवता?" मी विचारलं.

"तोच तर खरा मुद्दा आहे. नुसता ठिपका दाखवला तर डोळा फार हळू शिकतो. बरोबर टेकून मिळणार काय, ठिपकाच ना? पण ज्यात त्याचा जीव गुंतलाय असं काही तिथं असलं, तर चूक सुधारायची त्याला घाई होते. ते काय असेल, हे माणसागणिक वेगळं. एका आजोबांचा डोळा नातवावर शिकला नाही, म्हशीवर शिकला." त्या हसल्या. "म्हणून आधी चाचणी घेतो. चौदा फोटो आणा."

फोटो केतकीनं निवडले. तिचा स्वतःचा, माझ्या वारलेल्या सासूबाईंचा, हरेश्वरांच्या दोन मित्रांचे, तयार गणपतीचा, शिवाय काही परके चेहरे. माझे दोन होते. चार नंबरचा केतकीच्या साखरपुड्यातला, त्यात मी दात दाखवून हसतेय. सात नंबरचा कारखान्यातल्या एका व्हिडिओतून उचललेला: भुवई वर, ओठ मिटलेले, समोर न दिसणारी एखादी मूर्ती.

खोटं कशाला बोलू, मला पहिला नंबर हवा होता. साठीकडे झुकलेल्या बाईनं असल्या शर्यतीत पडू नये. पण यंत्र एकदा मांडलं की माणूस पडतोच.

निकाल लागला तेव्हा हरेश्वर डोळ्यांत औषध घालून आतल्या खोलीत झोपले होते. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. ठिपक्यावर त्यांचा डोळा शंभरात नऊ शिकला होता. सासूबाईंवर एकवीस. केतकीवर सव्वीस. माझ्या हसऱ्या फोटोवर चोवीस. सात नंबरवर अठ्ठावन्न.

"असा फरक मी कधी बघितला नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना खूप आनंद झाला होता. "तुम्ही नशीबवान आहात. हाच फोटो वापरू. आखणीपुरती नजर परत यायची आशा आहे."

"म्हणजे माझा रागाचा चेहरा."

"डोळ्याला राग-लोभ कळत नाही, ताई. जीव गुंतलाय एवढंच यंत्र सांगतं. प्रेमानं गुंतलाय की धाकानं, हे मोजायची सोय अजून तरी नाही."

फोनवर केतकी खो खो हसली. "आई, बाबा तुला टरकून असतात, हे सांगायला एवढं महागडं यंत्र कशाला? मला विचारायचं!" ती थट्टा होती. मला मात्र कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. एका माणसासोबत तीस वर्षं काढावीत, आणि त्याच्या डोळ्यानं शेवटी काय सांगावं? की ह्या बाईचं हसू त्याच्या लेखी त्याच्या आईच्या फोटोपेक्षा फक्त तीन घरं पुढं आहे, आणि तिची भुवई मात्र त्याच्या हाडीमांसी भिनलीय.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, दोघं मिळून ठरवा, आणि फोटो तुमचा म्हणून सही तुमची. मी दोघांशीही खोटं बोलले. हरेश्वरांना सांगितलं, "चार नंबर वर आला, साखरपुड्यातला." ते म्हणाले, "बरा झाला." डॉक्टरांना सांगितलं, "त्यांना हसराच फोटो पाहिजे, ऐकतच नाहीत." त्यांनी दोनदा विचारलं. नाइलाजानं फॉर्मवर चार लिहिलं. एवढ्याशा रेघेवरून हजारदा डोळे पुसायला लावणारी मी, स्वतःच्या बाबतीत मात्र खोटी मूर्ती फळीवर ठेवून मोकळी झाले.

त्या दिवशी मला वाटत होतं, चोवीस काय आणि अठ्ठावन्न काय, रोज बघून बघून जमेल. आणि त्याहून खोल, अगदी लाज वाटावी असं एक वाटत होतं: बेचाळीस दिवसांत ते माझ्या हसण्याकडे बघायला शिकतील.

सकाळी दोन तास चष्मा, संध्याकाळी दोन तास. ते खुर्चीत ताठ बसायचे आणि चष्म्याआड माझा हसरा चेहरा कधी डावीकडे, कधी वर उगवायचा. शंभरातल्या किती उड्या चांगल्या जागेवर टेकल्या, तो आकडा शेजारच्या टॅबलेटवर दिसायचा. पाचव्या दिवशी सहा. दहाव्या दिवशी अकरा. पंधराव्या दिवशीही अकरा. मी रात्रंदिवस त्या आकड्याचा जप करत होते.

मग मला एक वेडेपणा सुचला. फोटोत हसणं पुरत नसेल तर घरातही हसावं. मी चहा देताना हसू लागले, जेवण वाढताना हसू लागले. कारखान्यात एका बाईच्या हातून रंगाचा डबा सांडला, तरी मी हसले. त्या दिवशी बायका लवकर घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी रंगकामाची सुगंधा हळूच म्हणाली, "वहिनी, मालकांचा काय जास्त झालाय का? खरं सांगा." हरेश्वरांची नजर मात्र माझ्या हनुवटीवर यायची आणि घसरून खांद्यावर जायची.

विसाव्या दिवशी त्यांनी न विचारता ब्रश उचलला. मी दारातून बघत होते. समोर ठाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मूर्ती होती. ते लोक तीन पिढ्या आमच्याकडेच डोळे आखून घेतात. हरेश्वरांनी पापणीची रेघ सुरू केली. ती कानाकडे निघाली. त्यांनी हातानं चाचपून बघितलं, ओला रंग बोटाला लागला. मग त्यांनी ब्रश धुतला, कोरडा केला, डब्यात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं. त्या डब्याला आमच्याकडे कधी झाकण लागलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी पनवेलला गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा फॉर्म काढून त्यावरचा चार पुन्हा बघितला.

"ताई, एकवीस दिवस गेले," त्या म्हणाल्या. "ते मला परत देता येणार नाहीत."

"रागवा माझ्यावर."

"रागवून काय होणार? आजपासून सात नंबर लावते. पण घरी जाऊन त्यांना सांगा. डोळे त्यांचे आहेत."

मी सांगितलं. ते माती मळत होते. सगळं ऐकून घेतलं, हात थांबले नाहीत. मला वाटलं होतं, आयुष्यात एकदा तरी ओरडतील. मला ते हवंच होतं.

"सात नंबरात कसला तोंड हाय तुझा?" त्यांनी विचारलं.

"रागाचा. मूर्ती बघताना असतो तो."

"अस्सा," ते म्हणाले, आणि मातीचा गोळा उलटा केला.

सात नंबर लावल्यावर आकडा उडी मारून वर गेला. चार दिवसांत अकराचे एकोणतीस झाले. मी देवाला नारळ बोलले. पाचव्या दिवशी एकोणतीस. सहाव्या दिवशी एकोणतीस. आठव्या दिवशी अठ्ठावीस.

डॉक्टर स्वतः पेणला आल्या. त्यांनी सगळे आलेख बघितले आणि मला कारखान्याची रीत पुन्हा सविस्तर विचारली. कोण कुठं बसतं, कोण कधी बघतं, सगळं.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "डोळा उडी मारतो तो काहीतरी कळून घ्यायला. फोटोतली भुवई पहिल्या दिवशी त्यांना काहीतरी सांगत होती. हजारदा तीच बघितल्यावर कळायचं काय उरलं? तुमच्या कारखान्यात मान वर करेपर्यंत त्यांना माहीत नसायचं, तुम्ही कशा दिसाल. म्हणून डोळ्याला घाई असायची." त्यांनी चष्म्याची एक कळ फिरवली. "फोटो बंद. आता चष्मा समोरचं खरं दाखवेल, आणि तेच सरकवेल. तुम्ही दोघं तुमच्या जागी बसा आणि नेहमीसारखं काम करा. तेरा दिवस आहेत."

"त्यांना आखता येत नाही."

"चुकू द्या. चुकल्यावर तुम्ही जशा दिसता तशा दिसा."

सांगायला सोपं आहे! त्यांनी रेघ ओढली, ती गालावर गेली. मान वर केली. आणि माझ्या चेहऱ्यावर काही म्हणता काही येईना. राग यायला समोरचा चुकलेला लागतो, इथं चुकले होते मी. भुवई वर करायला गेले की ओठ थरथरायचे. तिसऱ्या दिवशी मी आरशासमोर राग काढून बघितला. आरशातली बाई रागावलेली दिसेना, तिला पोटात कळ आल्यासारखं दिसत होतं. जिच्या नाकावर जन्मभर राग होता, तिला वेळेला चिमूटभर मिळू नये!

तरी आम्ही बसत होतो. सकाळी दहा मूर्ती, संध्याकाळी दहा. माझ्या चेहऱ्यावर जे येईल ते येऊ देत होते. कधी भुवई, कधी डोळ्यात पाणी, कधी नुसतं खाली बघणं. आकडा हलू लागला. चौतीस. सदतीस. एकेचाळीस. मी दिवस उलटे मोजत होते. सहा राहिले, पाच राहिले. झोप नव्हती. केतकी सुट्टी काढून आली. ती आता थट्टा करत नव्हती. ती बापाच्या नाकात फवारा मारायची आणि माझ्यासमोर ताट ठेवून मी जेवेपर्यंत बसून राहायची.

शेवटच्या दिवशी सकाळी आकडा सत्तेचाळीस होता. आखणीला किती लागतात, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. त्या आलेल्या होत्या. केतकी भिंतीला टेकून उभी होती. बायकांनी हातातलं काम थांबवलं होतं, रेडिओ बंद होता.

हरेश्वरांनी ठाणेकरांची मूर्ती पुढं ओढली. तिचे डोळे कधीच पुसून कोरे केले होते. त्यांनी डब्याचं झाकण काढलं. श्वास रोखला. वरच्या पापणीची रेघ निघाली, आणि थांबली जिथं थांबायला हवी तिथंच. खालची निघाली. बुबुळ भरलं. डाव्या डोळ्याला वेळ लागला. बाहुली टेकवताना त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. मग ब्रश बाजूला झाला.

मी बघितलं. डावी बाहुली केसभर खाली होती. रेघ मात्र कुठंही तुटली नव्हती, आणि मूर्ती बघत होती, सरळ आमच्याकडे. केसभर चूक कुणालाही दिसली नसती. मला दिसत होती. हसावं, मान हलवावी, सगळ्यांना मोकळं करावं, असं फार फार वाटलं. पण दार बंद व्हायला अजून एक संध्याकाळ बाकी होती, आणि त्यांच्या डोळ्यांच्या बाबतीत मी एकदा खोटं बोलले होते. मी भुवई वर केली.

त्यांनी चष्मा काढला. डॉक्टर काहीतरी म्हणायला पुढं झाल्या, केतकीनं त्यांचा हात धरला. हरेश्वरांनी मान वर केली. नजर कानावर गेली नाही, हनुवटीवर गेली नाही. दीड वर्षानं पहिल्यांदा ती थेट माझ्या तोंडावर येऊन टेकली. ते बघत राहिले. मी भुवई तशीच धरून ठेवली होती, दाताखाली ओठ दाबून.

"तू रागावली नायस," ते म्हणाले. रीत त्यांनीच मोडली. "घाबरलीस."

"कशावरनं?"

"तीस वर्सा तोच बघतोय. मूर्तीचा मना कलतोच की, चुकला का नाय. वर बघतो ता तुझ्यासाठी. म्हटला, बघावा, आज किती घाबरलीय."

मला सासरी आल्यापासूनचा एकेक हंगाम आठवला. मूर्ती तडकेल, रंग सुटेल, गिऱ्हाईक परत फिरेल, कारखाना माझ्या हातून बुडेल, या धास्तीनं पोटात पडलेला गोळा आठवला, आणि त्यावर मी घातलेलं ते ओरडण्याचं पांघरूण. मला वाटत होतं, गावाला फसवलंय.

"मग बोलला का नाय कधी?" मी विचारलं.

"तुना वाटायचा, कुनाला कलत नाय," ते म्हणाले. "म्हटला, तेवढा तरी राहू दे तुना."

मी भुवई खाली आणली. पदर तोंडाशी नेला, तोही खाली आणला. सगळ्यांसमोर, बायकांसमोर, डॉक्टरांसमोर माझं तोंड जसं होतं तसं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांची नजर हलली नाही.